भोंग्यावरचा पासवर्ड

चहा घ्या, सांगतो. आमच्या गावच्या मंदिराच्या भक्तनिवासात खोल्या बुक करायची वेबसाईट मीच बनवलीय. ती ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभी आहे, त्याची नवी आवृत्ती आल्ती, ती बसवली. तिच्यात एक झकास सोय आहे. जो पासवर्ड आधीच लोकांना माहीत झालाय, तो ती घेतच न्हाई.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे आमचे विश्वस्त. त्यांचा पासवर्ड देवाचं नाव, पुढं एक-दोन-तीन.

"अरे, हे म्हणून राह्यलं, तुमचा पासवर्ड लई लोकांना माहीत आहे."

"बराबर म्हणून राह्यलं, अण्णा."

"मंग? माहीत असायलाच पाहिजे. मी शेतात गेलो तर पाव्हण्याला खोली कोण देणार?"

यात्रा तोंडावर आल्ती. मी ठाम सांगितलं, अवघड पासवर्ड ठेवा, न्हाईतर कोणीबी येऊन सगळ्या खोल्या रद्द करून टाकंल. त्यांनी ठेवला. अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळं टाकलं. मी खूश.

संध्याकाळी आरती झाली आन् भोंग्यावर अण्णांचा आवाज आला. "भक्तनिवासाचा पासवर्ड बदलला आहे. सगळ्यांनी लिहून घ्यावा."

मी पळतच मंदिरात गेलो. नव्या आवृत्तीतलीच दुसरी सोय जल्दी चालू केली, पासवर्डाऐवजी मोबाईलवर अंगठा ठेवून वेबसाईट उघडायची. म्हणलं, "आता सांगा भोंग्यावर."

अण्णांनी अंगठा ठेवला, वेबसाईट उघडली. त्यांना बिलकुल पटलं. माईक अजून हातातच होता.

"उद्या सकाळी सगळ्या गावानं अंगठे द्यायला यावं."