खाऱ्या पाण्याकडे

सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरात कुंदन नाशिक रोड स्टेशनवर निफाडच्या गाडीची वाट पाहत होता. बाकावर त्याच्या शेजारी नवसाबाई आणि त्यांची एमएस्सी झालेली लेक मनीषा बोलत बसल्या होत्या. मनीषा दोन वर्षांसाठी राजस्थानला निघाली होती.

"तळ्याकाठी राहणार, मग पाण्याचा एवढा मोठा कॅन कशाला गं?"

"आई, वाळवंटातलं तळं आहे ते. पाणी खारट."

"शेतीला तरी चालतं?"

"नाही."

"मासे?"

"जगत नाहीत फारसे."

"मंग हाय काय तिथं?"

"बारीक शेवाळ. ते खायला रोहित पक्षी येतात. त्यांचाच अभ्यास करायचाय."

"पक्षी तर आपल्या नांदूरमधमेश्वरला बी लय येत्यात. गोडं पाणी सोडून खाऱ्याकडं चाललीस?"

"खाऱ्यात कोण कसं जगतं, तेच तर बघायचंय."

"आन् तळं आटलं तर येशील ना घरी?"

"नाही गं. आटल्यावर काय होतं, तेही बघावं लागेल."

"भरलं तरी थांबायचं, आटलं तरी थांबायचं!"

तेवढ्यात मनीषाची गाडी आली. मनीषा पाया पडून डब्यात चढली. गाडी दिसेनाशी झाली, तरी नवसाबाई रुळांकडेच बघत होत्या. मग त्या कुंदनकडे वळल्या.

"दादा, तुम्ही ऐकत होता. ती काय करणार, तुम्हाला कळलं का?"

कुंदन ओशाळला.

"खरं सांगू मावशी? नाही कळलं."

"मंग बरं," नवसाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "मला वाटलं, मलाच कळंना."