उत्तर रिकामं

...आन् वरून मलेच म्हनते, "आई, तू बटन दाबलंच काहून?" आता तुमाले सांगतो बायांनो, दाब म्हनून फोन हातात कोनं देल्ला? तिनंच. आमच्या पौर्णिमानं. घरी बसून कम्प्युटरचं काम करते, समाजाच्या वधू-वरांचं ॲप बनवून राहिली, आन् आठवडाभर एकच रडगाणं, फोनातून निरोप जाते पन उत्तर रिकामं. दोन वाकडे कंस येतात, मंधात काईच नाई, जशी पंगतीत पत्रावळ मांडली आन् वाढपीच गायब...

"आई, म्यूटेशन रिकामं येऊन राहिलं." म्हटलं, मंग तलाठ्याकडं जाय ना माय, फेरफार तर तोच करते. तिनं कपाळाले हात लावला. तो सातबाऱ्यावरचा म्हने, हा ग्राफक्यूएलचा, कम्प्युटरले काम सांगाचा हुकूम. असंन.

मंग म्हने, "खोटं नाव टाकून पसंतीचं बटन दाब, काय येते ते पाय." आता सांगा, लग्नाच्या कामात खोटं नाव कसं टाकावं? अपशकुन नाई का? मी खरंच टाकलं, पौर्णिमा शालिकराम. परतवाड्याचा बागवाला पोरगा दिसला, दाबलं. उत्तर रिकामं. म्हटलं गेलं नसंन. बार्शीटाकळीचा मास्तर, दाबलं. रिकामं. चांदूर रेल्वेचा, तो जरासा टकला होता, पन जाऊ द्या, दाबलं. रिकामं.

मले तवाच समजाले पायजे होतं. आमच्या घरात रिकामं उत्तर चांगलं नसते. हिचे बाबा असेच. एक दिवस कोनी अनोळखी मानूस गोठ्यातून म्हैस सोडून राहिला. मी बोंबलली, "अवो, म्हैस नेऊन राहिला जी!" तं पान लावता लावता म्हनतात, "नेऊ दे. मांगच्या बाजारीच इकली. तू इचारलं कुठी?"

तर मंग फोन गप. घरही गप. कावळा रोज भिंतीवर येऊन बसे, पन ओरडे नाई, नुसता माह्याकडं पाहे...

आज सकाळी पौर्णिमा कम्प्युटरपासून उठली ते तोंड पांढरंफटक. हळूच म्हने, "आई, चूक सापडली. आपुन काम कर म्हनतो, पन काय झालं ते परत सांग, हे मागतच नोतो. म्हनून उत्तर रिकामं. काम तर प्रत्येक डाव झालं, पसंती तिकडं पोचली."

प्रत्येक डाव. मी बोटावर मोजलं, तीन.

"आई, नाव कोनतं टाकलं होतं?"

तितक्यात फाटकापाशी जीप थांबली. तिच्यामागं दुसरी. तिसरीतून तर मावश्या उतरून राहिल्या, उतरूनच राहिल्या, आन् शेवटी टोपी सावरत तो टकला.

"हे मले पाहाले आले? मले कोनी इचारलं, आई?"

खरं सांगतो, तवा डोक्यात उजेड पडला. पोरगी लग्नाची झाली, आन् आमी तिले काईच इचारलं नोतं. इचारलं नाई तं उत्तर कुठून येईन? म्हटलं, आता तरी इचारतो. ओसरीत पाहुने, गॅसवर पोहे, आन् मी तिचा हात धरून म्हटलं, "बाई, तुह्या मनात हाये का कोनी?"

तिनं खाली पाह्यलं. ओढनीचा काठ बोटाले गुंडाळत राहिली. उत्तर रिकामं.

आता मी पहिलेसारखी भोळी नाई रायली, बायांनो. रिकामं म्हनजे काम कवाच झालं.

म्हटलं, "मंग जावयाले फोन कर. तीन जीपा उतरल्या, पोहे वाढाले मानूस कमी पडते."