आमच्या बुढ्याचं आटोमॅटिक घड्याळ

चहा घ्या, पण आमच्या बुढ्याच्या, म्हंजे माह्या नवऱ्याच्या, घड्याळाचं ऐका. मोठ्या कंपनीचं नाव टाकलेलं नकली घड्याळ, आटोमॅटिक, सेल नाई लागत म्हणे. गावोगावच्या नाटकाले त्याले घालून मिरवाचं होतं, अन् तेच बंद पडलं. कापणी सोडून मीच गेली वडस्याले.

घड्याळवाला म्हणे, "बाई, मशीन चिनी टाकू का जपानी? चिनी चमकते लय, पण बिघडली का फेकाची."

मी म्हटलं, "भाऊ, उद्या तुमी नसले तरी आमच्या आरमोरीतल्या कोणाले खोलता आली पायजे, असी टाका."

तो हसला अन् जपानी टाकली.

चार दिवसांत पुन्हा बंद! थकली होती, तरी भांडाले गेली. त्यानं घड्याळ हालवलं, तर चालू.

"मशीन चांगली हाये बाई. भाऊजी दिवसभर करतात काय?"

"खाटीवर बसून राह्यतात."

"हात हालला तरच हिची चावी भरते."

तेव्हापासून मीच घालते. कापणीत एक मिनिट मागं पडलं नाई.

बुढा म्हणे, "नाटकाले चाललो, घड्याळ दे ना वं."

मी म्हटलं, "घ्या. पह्यले हा कापणीचा इळा धरा."

नाटकं संपली, धान घरी आलं. घड्याळ अजून माह्याच हातात हाये.