करंजाच्या वाटेवरचा कंदील

मेंदी लागली ना सगळ्यांच्या हाताला? मग आता पळून जायची सोय नाही. हात उताणे ठेवा. केस डोळ्यांवर आले तर मला सांगा, मी सारीन. आणि ऐका.

भुताचीच सांगते, हो! पण त्यात जनावरंही आहेत. आज नागचतुर्थी, उद्या पंचमी, त्यांना वगळून कसं चालेल? एक मात्र आधीच सांगते. दिवे लागल्यावर त्यांचं नाव घ्यायचं नाही. जनावर म्हणायचं. आमच्या आळीत शेंबडी पोरंसुद्धा तसंच म्हणायची. रात्री नाव घेतलं की हाक मारल्यासारखं होतं. हसू नकोस गं ऋजुता! पुढं कळेल.

तर ऐका. तेव्हा हे ठाणं असं नव्हतं. टॉवर कुठले आणि लिफ्ट कुठली! आळी संपली की करंजाची झाडं, बांबूची बेटं, त्यात एक बिनकठड्याची विहीर, आणि पलीकडे येऊरचा डोंगर. म्हणायला शहर, पण पावसाळ्यात मोरीत, माळ्यावर, गॅलरीतल्या चपलांमागं, कुठंही जनावर निघायचं. आणि घरोघरी फोन नव्हते, की केला आणि माणूस दारात!

आमच्या थोरल्या वन्सं, मथुरावन्सं, पंचमीसाठी माहेरी आल्या होत्या. चतुर्थीचा भावाचा उपवास होता त्यांना, कडकडीत. तो भाऊ, म्हणजे आमचे हे, गेलेले रात्रपाळीला. दिवेलागण झाली. वन्संनी देवापुढं लाह्यांची वाटी ठेवली, हात जोडले. "माझ्या भावाचं घरदार सुखरूप ठेव, महादेवा." एवढं म्हणतायत तोवर मागून माझी हाक आली. हाक कसली, नुसता श्वास.

"वन्सं..."

त्यांनी वळून बघितलं. माझ्या हातात पाळण्याची दोरी. पाळण्यात श्रीरंग, माझा तान्हा, गाढ झोपलेला. आणि पाळण्याखाली वेटोळं घालून, फणा काढून बसलेलं जनावर! फणा पाळण्याच्या तळाला टेकायचाच बाकी. मी झोका धरून ठेवलेला. सोडला तर पाळणा हलणार, हलला तर ते बिथरणार. बाई गं! 

शेजारी धावले. धोंडूअण्णा काठी घेऊन दारात. "व्हा बाजूला! एका घावात आटपतो."

"आणि घाव चुकला तर?" वन्संनी हात आडवा धरला. "पाळण्याला लागून बसलंय ते, दिसत नाही? आणि आज मी भावासाठी उपाशी आहे, अण्णा. त्याच्या घरात आज कुणाचाच जीव जायचा नाही. बाळाचा नाही, आणि त्याचाही नाही."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"डोंगराखालचा रामा वाघे आहे ना, त्याला आणायचं. तो अलगद धरतो."

"मोठ्या रस्त्यानं उजाडेल तुला यायला!"

"करंजाच्या वाटेनं जाईन."

 धोंडूअण्णांनी एक पाऊल मागं घेतलं. त्या वाटेला चकवा आहे हे आळीत कुणाला माहीत नव्हतं? दिवे लागल्यावर गेलेलं माणूस गोल गोल फिरायचं आणि सकाळी त्या विहिरीपाशी सापडायचं. काठावर सापडलं तर नशीब!

"मी नाही बाई येणार," अण्णा म्हणाले.

"नका येऊ. ती काठी तेवढी द्या."

शेजारच्या गोपिकाबाई धावत आल्या होत्या. वन्संनी त्यांना उंबऱ्यात बसवलं. "इथून उठू नका. कुणाला आत सोडू नका. आणि कुसुम, तू दोरी हलवू नकोस. मी आलेच." पदर खोचला, बॅटरी घेतली आणि निघाल्या.

ऐकताय ना? झोपली का गं ती कोपऱ्यातली? नाही? बरं.

वन्सं वाटेला लागल्या. वर चंद्राची कोर, तीही ढगात. काठी आपटत चालल्या, ठक, ठक. जनावराला आपले शब्द ऐकू येत नाहीत, पण जमिनीचा हादरा कळतो. काठी आपटली की ते आपण होऊन बाजूला होतं. त्यालाही आपली भीतीच असते हो! दुतर्फा करंज. त्यातला एक वाकडा, म्हातारी कमरेत वाकावी तसा. तो मागं टाकला. थोडं पुढं गेल्या. पुन्हा तोच वाकडा करंज! पुन्हा चालल्या. पुन्हा तोच! वन्सं थांबल्या. चकवा लागला म्हणतात तो हाच, हे त्यांनी ओळखलं. पदर उलटा करून घेतला, महादेवाचं नाव घेतलं आणि नाकासमोर चालू लागल्या. आता करंज मागं राहिला.

पण मग बॅटरी गेली. फट्! आणि समोर वाटेत आडवं पडलेलं काहीतरी, अंधारातही चकाकणारं. जनावर! वन्संनी काठी आपटली. हलेना. पुन्हा आपटली. हलेना! त्याच्या मागं दुसरं. फांदीवरून तिसरं लोंबतंय. बघता बघता वाटभर जनावरं, सुतळीचं भेंडोळं उसवावं तशी! त्यांचे डोळे सगळे वन्संकडं. फुत्कार नाही की सळसळ नाही. नुसते डोळे.

आणि तेवढ्यात डाव्या हाताला कंदील दिसला. कंदिलामागं गोपिकाबाई! तेच लुगडं, तोच घोगरा आवाज.

"मथुरे! अगं, कुठं निघालीस? आटपलं गं सगळं! डसला बाळाला! आता त्या रामाला नेऊन काय करतेस? चल, घरी चल, इकडून जवळ आहे!"

वन्सं काठीवर भार देऊन कशाबशा उभ्या राहिल्या. दिवसभराचा उपवास, देवापुढच्या त्या लाह्या, ते जोडलेले हात, सगळं फुकट? एक पाऊल त्यांनी कंदिलाकडं टाकलंसुद्धा.

"ये गं, ये लवकर! अख्खी आळी जमलीय. असला मोठा..." आणि तिनं त्याचं नाव घेतलं. त्याचं! मी घेणार नाही, तुम्ही समजा.

वन्संचं पाऊल तिथंच थबकलं.

का? अगं, गोपिकाबाई नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायच्या नाहीत, आणि त्याचं तर दिवे लागल्यावर कध्धीच नाही! आळीतलं कुणीच घ्यायचं नाही. म्हणजे ही आळीतली नव्हे. मग वन्संनी कंदिलाखाली नीट बघितलं. कंदील होता, लुगडं होतं. खाली जमीनच नव्हती! बाई विहिरीच्या तोंडावर अधांतरी उभी होती. आणखी दोन पावलं, की संपलं होतं!

वन्संचा राग असा उसळला म्हणता! सगळा जीव एकवटून काठी जमिनीवर आपटली. धाड! तर त्या एवढ्या भेंडोळ्यातलं एक, फक्त एक जनावर सर्रकन गवतात निघून गेलं. बाकीची ढिम्म. तेवढं एकच खरं होतं. खरं होतं म्हणून वाट सोडून गेलं. उरला तो नुसता देखावा!

"मेल्या चकव्या!" वन्सं कडाडल्या. "माझ्या भाच्याच्या जिवावर उठतोस? भावाचा उपवास आहे मला! हो बाजूला!"

आणि त्या ढिगातून चालत सुटल्या. ज्या वाटेवर पाय ठेवायची भीती घातली होती, त्याच वाटेवरून! पायाला गार धुकं लागलं, बाकी काही नाही. मागं विहिरीत धप्पकन काहीतरी पडलं. कंदील विझला. वन्संनी वळून बघितलं नाही.

रामा वाघे जेवायला बसला होता. तसाच उठला. "करंजाच्या वाटेनं आलीस, ताई?" म्हणाला आणि सायकल काढली. वन्संना मागं बसवून मोठ्या रस्त्यानं अशी दामटली, की चढावरसुद्धा उतरला नाही.

इकडं माझा हात लाकूड झालेला. रामा पावलं न वाजवता आत आला. आकडीच्या काठीनं शेपटीकडून हळूच उचललं, पिशवीचं तोंड पुढं धरलं, आणि जनावर आपल्याच बिळात शिरावं तसं आत गेलं. मी दोरी सोडली आणि रडू फुटलं. श्रीरंग तेव्हा जागा झाला. रडला का? छे! सगळ्यांकडं बघून हसला! आळीनं टाळ्या पिटल्या हो. धोंडूअण्णांनी सगळ्यांत मोठ्यानं.

वन्सं गोपिकाबाईंपाशी गेल्या, त्यांचे हात हातात घेतले, गरम आहेत का बघितले. "तुम्ही कंदील घेऊन बाहेर गेला होतात?"

"मी? तूच बसवलंस ना उंबऱ्यात? अगं, उठायची सोय होती का मला?"

पहाटे रामानं ते जनावर येऊरच्या जंगलात सोडलं. वन्संनी तिकडं तोंड करून हात जोडले, आणि मगच पाण्याचा घोट घेतला.

आता तिथं टॉवर झालेत. पण त्यांच्या पाठची ती वाट आहे अजून, भिंत आणि बांबू यांच्यामधली. दिवे लागल्यावर तिकडं फिरकायचं नाही. कुणी ओळखीचं कंदील घेऊन बोलवत असलं तरी नाही!

थांबा, फोन वाजतोय. श्रीरंग, तुझाच रे. हा बघा, माझा पाळण्यातला! आता दाढी पिकली, पण पावसाळा लागला की सगळं शहर यालाच बोलावतं. ऐका, काय विचारतोय ते.

"पार्किंगमध्ये का? बरं, कुणी मारू नका, लांब उभे राहा. येतोच मी. जनावर कुठल्या बाजूला गेलं?"

ऐकलंत? जा रे बाळा. आकडी घेतलीस? पिशवी? आणि मोठ्या रस्त्यानं जा!