मंदारच्या दोन थैल्या

अरे, इंदूरचा माणूस काय चीज आहे, ते मला स्पितीच्या पहाडात कळलं. मी आणि आमच्या इंदूरच्या अन्नपूर्णा भागातला मंदार, दोघं बाइकवर. त्याच्या गाडीमागे कचऱ्याच्या दोन थैल्या बांधलेल्या. मी रोज ओरडायचो, "भिया, फेक ना यार!" तो म्हणायचा, "डस्टबिन दिसू दे, टाकतो." पहाडात कुठला डस्टबिन! थैल्या फुगतच गेल्या.

शेवटी एका चेकपोस्टवर पोलिसाने अडवलं. "इसमें क्या है?"

"कचरा, साहब."

त्याला पटेना. थैल्या रस्त्यावर उघडायला लावल्या. एकीत केळ्यांची सालं, दुसरीत वेफर्सची पाकिटं.

"दो थैली क्यों?"

मंदार छाती काढून म्हणाला, "गीला अलग, सूखा अलग. इंदौर से हैं."

पोलिसाने नंबर प्लेट बघितली आणि हातातला चहाचा कागदी कप पुढे केला. "तो ये भी लेते जाओ."

मी कप घेऊन थैलीत टाकणार, तेवढ्यात मंदारने माझा हात धरला. कप पोलिसाला परत देत म्हणाला, "साहब, थोड़ी चाय बची है. पहले पी लो. ये सूखे की थैली है."

आणि काय सांगू, साहेबांनी गुपचूप चहा संपवला!