वीस पिंजऱ्यांची चूल

— अहो साहेब, तिथं नका टेकू, त्या गंजीवर, टोचेल. नाही, गवत नाही टोचत, गवताच्या आत — आत काही नाही, वैरणच आहे. इकडे या, कट्ट्यावर बसा. पाणी देते. सगळे वाईला गेलेत बाजाराला, आज सोमवार ना, मामा, आत्या, हे, तिघंही. मी एकटीच आहे. तुम्ही बुधवारी येणार होतात. समितीच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय, 'बुधवारी चुलींची पाहणी', सगळं गाव बुधवारच्या तयारीला लागलंय आणि तुम्ही सोमवारीच उगवलात. बरं केलंत. म्हणजे — वाईट केलंत. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, घरात असत्या तर तुम्हाला चहा मिळाला असता आणि उत्तरंही नीट मिळाली असती. मला तीनच येतात, त्यांनी पाठ करून घेतलेली. म्हणू का? एक, 'आमची चूल वेगळी हाय.' दोन, 'लगीन झाल्यापासनं वेगळीच हाय.' तीन, 'आत्याचं आन् माझं पटत न्हाई.' तिसऱ्याला जरा तोंड पाडायचं. आणि 'हाय' म्हणायचं, 'आहे' नाही. मी विट्याची, शाळेत शिकवल्यासारखं बोलते, तर आत्या म्हणाल्या, "आहे म्हनलीस तर सायबाला वाटंल शिकवून उभी केलीया." झालं. उत्तरं संपली. आता तुम्ही लिहून घ्या आणि — काय? चूल बघायचीय? बघा की. बघायलाच बांधलीय.

म्हणजे तशी बांधलीय असं नाही. स्वयंपाकालाच. या, वाकून या, दार बुटकं आहे, इथं पूर्वी रेडकू बांधायचे. पूर्वी म्हणजे — शुक्रवारपर्यंत. वास येतोय का? मला आता येत नाही. ही बघा चूल. राख आहे, फुंकणी आहे, भिंतीला काजळी आहे. काय बघताय? काजळी? हं. तुम्हालाही दिसलं ना? मी मामांना, सासऱ्यांना, म्हणणार होते, पण मी या घरात बोलत नाही, सगळ्यांना माझं तेच आवडतं — "पोरगी लय गुणाची, तोंडातनं शबूद न्हाई." मामांनी तव्याची काजळी फडक्यानं फासली, मग फडकं हरवलं म्हणून हातानं फासली. धूर काय पंजे टेकत भिंत चढतो? मधोमध पाचही बोटं उठलीत बघा, आणि वर आढ्याला चुना कसा पांढराशुभ्र. आणि राख. राखेत तुम्ही हात घालणार, हे सगळ्या गावाला माहितीय, म्हणून न्हाणीतल्या बंबाची राख आणून ओतली. त्यात ते चकचकीत काय आहे — शाम्पूची पुडी. भाकरी थापताना केस कोण धुतं? माझे वडील गलाईवाले, साहेब. तिकडे तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान आहे, निम्मं विटा असंच कुठं कुठं भट्टीपुढे बसलेलं असतं. सुट्टीत मी त्यांच्याशेजारी बसायचे. राख बघून मी सांगेन, काय जळलं आणि कधी. ही राख भाकरीची नाही. ही आंघोळीची आहे.

आता तुम्ही 'खोटी चूल' लिहिणार. थांबा, लिहू नका, पेन खाली ठेवा. खोटी सापडली की घरचे आधीचे वीस बिल्लेसुद्धा, म्हणजे परवानेच, जप्त, हंगामभर पाण्यात खेकड्याचा एक पिंजरा टाकता येणार नाही, हे फळ्यावर त्याच खडूनं लिहिलंय. म्हणजे मी आता चार महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि घर बुडवलं. थांबा ना. मला नीट सांगू द्या.

हा नियम तुमच्या समितीच्या तात्यांनी केला. वाईट नाही हो नियम. आधी एकेका घराचे साठ-सत्तर पिंजरे, धरणाच्या फुगवट्याच्या काठानं चालायचं तर पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे दोऱ्याच दोऱ्या. पाचगणीच्या हॉटेलांना खेकडा पुरेना, म्हणून नखाएवढीसुद्धा धरायला लागले. मग तात्या म्हणाले, एका चुलीला वीस पिंजरे, प्रत्येकाला नंबरचा बिल्ला, आणि बिल्ले त्या चुलीच्या बाईच्या नावावर — कारण गेल्या साली पुरुषांना दिले होते तर ते पत्त्याच्या डावात लावले. सगळं बरोबर. फक्त तात्या 'चूल' म्हणाले, तिथं चुकले. माणशी म्हणायचं, होडीमागं म्हणायचं. चुलीमागं म्हटल्यावर महिनाभरात या गावात सत्तावीस घरांत वाटण्या झाल्या आणि एकाही घरातून आवाज चढलेला मी ऐकला नाही. रेशनकार्डं फुटली. मग तुम्ही म्हणालात, कागद नको, चूल डोळ्यांनी बघू. मग चुली मांडल्या. त्या पलीकडच्या भामाबाई, पंचाहत्तरीच्या, नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. ओट्यावर शेगडी घेऊन बसतात दिवसभर, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "न्हाई बाई, आता लय झालं, मी न्हाई नांदत." आणि दिवेलागणीला शेगडी आत नेतात, नवऱ्याला गरम वाढतात. त्यांच्याकडे जाऊन आलात? वेगळी लिहिलीत? बघा! रडल्या असतील ना? त्यांना हवं तेव्हा रडता येतं.

माझं वेगळं आहे. मी रडत नाही. मला बघायला आले तेव्हा आत्यांनी एकच विचारलं, "चुलीवरचं जमतं का?" मला वाटलं, काय साधी माणसं, चुलीवरच्या भाकरीची आवड दिसते. आई तर हरखून गेली. लग्न दिवाळीनंतर ठरलेलं, ते एकदम मे महिन्यातच घ्या म्हणाले. मी मैत्रिणींना सांगितलं, 'त्यांना धीरच धरवत नाही.' हळदीच्या अंगानं सांगत फिरले मी हे. आणि इथं आल्यावर तिसऱ्या दिवशी ओट्यावर बायका बोलत होत्या, जूनच्या आत सून आली तरच यंदाच्या यादीत चूल धरणार होते म्हणून. म्हणजे मला मागणी घातली ती वीस पिंजऱ्यांसाठी. नाही, हसा तुम्ही, मीही हसलेच. एकटीच, न्हाणीत जाऊन.

हे तसे चांगले आहेत. शंभूराज नाव आहे, पण नावासारखं काही नाही, ते माझ्याहून कमी बोलतात. लग्नानंतर एकदा मला काठावर घेऊन गेले, एक खेकडी हातात घेतली, अशी उलटी केली, आणि तिच्या पोटाखालचं झाकण अंगठ्यानं जरा उचललं. आत पिल्लं. मोहरीएवढी, शंभरेक असतील, सगळी वळवळतायत, आणि ती नांग्या उगारून यांच्याकडे बघतेय. यांनी झाकण लावलं आणि तिला पाण्यात सोडलं. म्हणाले, "मोठ्या पिंजऱ्यात ही बी येती. साठ वडायचे म्हनल्यावर कोन उलटी करून बघतंय." एवढंच बोलले, पण त्यांच्या मानानं ते भाषण होतं. मला तेव्हा ते आवडले, खरं सांगायचं तर. आणि हिशेब कळला, माझा. साठ पिंजरे असले की नवरा संध्याकाळी जातो तो सकाळीच येतो, येतो तो चिखल घेऊन, आणि झोपतो. वीस असले की आठला घरी. जेवायला. चार महिन्यांत आम्ही दोघं समोरासमोर बसून एकदाही जेवलो नाही, साहेब. आधी ते आणि मामा, मग आत्या, मग मी, आणि मी बसते तेव्हा भाकरी पापडासारखी मोडते.

गॅसची खोली, आत्यांचं स्वयंपाकघर? ती आत्या कुलूप लावून जातात. चोरांसाठी नाही, मांजरासाठी. माझ्यासाठी टोपल्यात झाकून ठेवलंय की. मांजराला काही ठेवलेलं नाही, तेव्हा माझं बरंच बरं आहे. तसा छळ वगैरे काही नाही, तुम्ही तोंड असं करू नका. आत्या मारत नाहीत, टोचून बोलत नाहीत. फक्त मिठाच्या बरणीला हात लावला की बघतात. मी भाजीत मीठ घातलं की त्या पुन्हा चव बघून घालतात. मग भाजी खारट होते, मग मामा म्हणतात, "पोरीला अजून हात बसला न्हाई," आणि मी गप्प. गुणाची ना मी.

म्हणून शनिवारी ही चूल मांडायची ठरली तेव्हा मी माती तुडवायला धावले. आत्या थक्क झाल्या. मी सांगते, ही मी बांधलीय, एकटीनं, घोड्याची लीद गावात मिळेना तर शेणात भुसा घालून मळली, तीन टेकू बघा कसे सारखे आलेत. मला वाटलं, खोटी तर खोटी, एकदा मांडली की मोडायचं कोण मनावर घेतंय? हळूहळू एक दिवस चहा, एक दिवस भात. तर काल रात्री मामा विचारत होते, रेडकू किती दिवस भायेर बांधायचं. आणि आत्या म्हणाल्या, "सायब गेलं की ती चूल फोडून टाकू. दोन दिसाचा तर प्रश्न हाय." दोन दिवसांचा. मी भिंतीपलीकडे होते. रेडकाला हो, साहेब. रेडकाला जागा पाहिजे.

आता लिहा. नाही, अजून नका लिहू, आधी बघा. ही ट्रंक माझी, रुखवताची भांडी, अजून कागदसुद्धा काढलेला नाही. हे पातेलं. हा डबा माहेरचा, आईनं चहा-साखर दिली होती, मी पेटीत तळाला ठेवली होती. दूध नाही, कोरा चालेल ना? काटक्या आहेत. ओली चूल पेटवली की तडकते, आठवडाभर वाळवायला हवी होती. तडकू दे. लिंपता येते. बाजूला व्हा जरा, धूर येईल — आला. डोळे चुरचुरतात ना? ही खरी काजळी, बघा कशी सरळ आढ्याला निघाली, मामांच्या पंजाला न विचारता. काढा फोटो. तारीख येते ना फोटोवर? मघाशी ही चूल खोटी होती, मी म्हटलं, तुम्ही ऐकलंत, मी नाही म्हणणार नाही. पण आता तुम्ही जो चहा पिताय तो काय बंबावर झाला? या चुलीचं पहिलं पाणी तुम्ही घेतलंत. आता ही खोटी म्हणायची तर तुमच्या पोटातला चहा आधी खोटा ठरवा.

दोन गोष्टी मात्र लिहून घ्या. एक, या चुलीची पाहणी दर महिन्याला, न सांगता. फळ्यावर लिहू नका, उठा आणि या. पहाटे या, भर दुपारी या. साहेब कधीही टपकेल म्हटलं की रेडकू बाहेरच राहतं. दोन — त्या गंजीतले पंचवीस. नाही, मी काही दाखवलेलं नाही. तुम्ही टेकलात, तुम्हाला टोचलं, तुम्ही गवत उपसलंत. आत्या विचारतील तेव्हा तेवढंच सांगा. तसे पंचवीस पिंजरे बिनबिल्ल्याचे, आजच समितीत जमा करून न्या, म्हणजे दंड नको, कागदावर मात्र आपण होऊन दिले असं लिहा ना, पहिली चूक म्हणून सोडतात, फळ्यावर आहे तेही. मग राहिले मामांचे वीस आणि माझ्या नावाचे वीस. माझे वीस कोण टाकणार, कुठं टाकणार आणि किती वाजता घरी येणार, ते मग चुलीची बाई ठरवेल. तात्यांनीच केलाय नियम. त्यांना सांगा, चूल धरली ते चुकलात असं मी म्हटलं होतं, ते मागे घेतलं.

तो हॉर्न ऐकलात? वडापची जीप आली. कोपऱ्यावर उतरतील, चार पिशव्या असतील, चालत यायला वेळ लागेल. त्यांना धूर दिसला असेल. दिसू दे. नाही, तुम्ही उठू नका, बसा, चहा संपवा, कप माझाच आहे. आणि मला काही विचारू नका आता, मी बोलणार नाही, मी या घरात बोलत नाही, तुम्हाला गावात कुणीही सांगेल. त्यांना विचारा. दारात आल्या आल्या, पिशव्या हातात असतानाच, मोठ्यानं विचारा, ही चूल कुणाची. पोरानं पाढे म्हणावेत तशी म्हणतील — माझ्याकडून शंभरदा म्हणवून घेतलंय त्यांनी. वेगळी हाय, लगीन झाल्यापासनं हाय, पटत न्हाई. तिन्ही उत्तरं त्यांच्या तोंडून घ्या, शब्द न् शब्द लिहा, आणि खाली त्यांचा अंगठा घ्या. सही येते त्यांना, पण अंगठाच घ्या, बोटाला शाई राहते दोन दिवस.

पदर कुठं गेला माझा — हं. आल्या.