दाजींची न दिसणारी फिल्म

आमच्या दाजींचं काय सांगू राव. वारूळवाडीला बहीण दिलीय, तिचा नवरा. त्यांनी नवी गाडी घेतली आणि उन्हाचा त्रास नको म्हणून पुढच्या काचेला पारदर्शक फिल्म लावली. इतकी पारदर्शक, की लावलीय हेच कुणाला कळंना. मग दाजी येईल त्याला गाडीपाशी नेऊन काचेला हात लावायला सांगायचे.

एकदा आम्ही लेण्याद्रीला निघालो. जुन्नरच्या अलीकडं एक हवालदार काळ्या काचांच्या गाड्या अडवत होता. आमची काच बघून त्यानं हातानंच 'जा' म्हणून खुणावलं. दाजींनी मात्र गाडी थांबवली.

"साहेब, फिल्म आमच्याबी काचेला हाय. दिसत न्हाई, एवढंच."

हवालदारानं काचेच्या कडेला नख घातलं. "खरंच की. काढा."

"अवो, पण आरपार दिसतंय ना?"

"फिल्म हाय, हे तुमीच म्हणालात. काढा."

भर उन्हात दाजी नखांनी फिल्म खरवडत बसले. शर्ट घामानं अंगाला चिकटला. शेवटी बहीण न राहवून म्हणाली, "त्यो जा म्हणत व्हता, तर बोलायची काय गरज व्हती?"

दाजी वैतागून म्हणाले, "मग न सांगता त्याला कळलं असतं का?"